पलटी नांगर आणि मोठा ट्रॅक्टर: सोलापूरच्या जमिनीत नांगरट कशी करावी

सोलापूर जिल्ह्यात नांगरटीचा सौदा दोन आकड्यांवर ठरतो: एकरी भाव किती आणि खोली किती. भावावर घासाघीस होते, खोलीवर मात्र ‘फूटभर घाला’ एवढ्यावरच काम भागतं. ट्रॅक्टर पन्नास-साठ एचपीचा आहे, ओढतोय, मग घाला, असा हिशेब. पण किती खोल जायचं हे ट्रॅक्टरच्या एचपीवरून ठरत नाही. आधी जमिनीचा थर बघायचा, मग फाळाची रुंदी, मग ओल. ट्रॅक्टर या सगळ्यानंतर येतो.

आधी पहार घेऊन शेतात जा

आपल्याकडे एकाच गटात तीन तऱ्हेची जमीन निघते. ओढ्याच्या अंगाला चार-पाच फूट काळी, मध्यावर दीड-दोन फूट, आणि वरच्या टोकाला वीतभर मातीखाली मुरूम. सांगोला, मंगळवेढा, करमाळ्याच्या माळावर तर हे नेहमीचंच. म्हणून एकरी किमान चार-पाच ठिकाणी पहारीने किंवा कुदळीने खड्डा घेऊन मातीचा थर मोजा. मुरूम किंवा चुनखडीचा थर जिथे लागतो, त्याच्या किमान पाच सेंटिमीटर वरच नांगर थांबला पाहिजे. चुनखडी एकदा वर आली की ती परत खाली घालता येत नाही. त्या पट्ट्यात पुढची कितीतरी वर्षं पिकं पिवळी पडतात, लोह मिळत नाही, आणि शेतकरी फवारण्या करत बसतो. उजनीच्या कालव्याखाली ज्या जमिनी चोपण झाल्यात तिथेही हाच नियम. खालचा क्षारट, चिकट थर वर आणायचा नाही.

ज्या जागी थर पातळ आहे तिथे चुन्याने रेघ मारून ठेवा. त्याच चुन्याने ठिबकची सबमेन (मेन लाइनमधून निघणारी उपवाहिनी), पाइपलाइनचे वॉल्व्ह, विजेच्या खांबाचे ताण आणि जमिनीत बुडालेले दगड यांवरही खूण करा. मेन लाइन दोन-अडीच फुटांवर असेल तर धोका नाही. सबमेन मात्र बऱ्याच ठिकाणी फूट-दीड फुटावरच गाडलेली असते, आणि तिची खरी खोली गाडणाऱ्यालाही आठवत नाही.

खोली आणि फाळाची रुंदी यांचं गणित

पलटी नांगराला फाळांचे दोन संच असतात, एका फेरीला एक आणि परतीला नांगर उलटून दुसरा. त्याचं काम जमीन नुसती फाडण्याचं नाही, मातीचा काप उचलून पालथा करण्याचं आहे. काप पालथा पडून स्थिर राहायचा असेल तर त्याची रुंदी खोलीच्या किमान सव्वापट लागते. म्हणजे 12 इंची, साधारण 30 सेंटिमीटर रुंदीच्या फाळाने 24 सेंटिमीटरपर्यंतच नीट पलटी होते. 14 इंची, 35 सेंटिमीटरच्या फाळाने 27–28 पर्यंत. त्याहून खोल घातलं की काप उभाच राहतो किंवा परत तासात (नांगराने पडलेल्या चरात) गडगडतो. धसकटं वर, हराळी वर, आणि मध्ये पोकळ्या. 12 इंची फाळाने ‘फूटभर’ नांगरून घेणारा पैसे पलटीचे देतो आणि त्याला मिळते ती उखणणी.

ज्वारी, हरभरा, तूर, कांदा यांना 20 ते 25 सेंटिमीटर पुष्कळ झालं. ऊस लावायचा असेल तर 30 पर्यंत जावं, पण त्यासाठी 16 इंची फाळ असलेला नांगर शोधावा. उभी-आडवी नांगरट करणार असाल तर पहिली थोडी उथळ, दुसरी पूर्ण खोल.

कोरडवाहू रब्बी ज्वारीच्या रानात दरवर्षी पलटी घालण्याची गरज नाही. दोन-तीन वर्षांतून एकदा खोल नांगरट आणि मधल्या वर्षी कुळवाच्या पाळ्या, एवढ्यावर भागतं. हराळी किंवा कुंदा माजला असेल तर गोष्ट वेगळी.

ट्रॅक्टर किती एचपीचा

काळ्या जमिनीत कापाच्या दर चौरस सेंटिमीटरला साधारण 0.8 किलो ओढ धरावी. कडक वाळलेली असेल तर ती 1 किलोवर जाते. दोन फाळी, 35 सेंटिमीटरचे फाळ, 25 सेंटिमीटर खोली: 70 गुणिले 25 म्हणजे 1750 चौरस सेंटिमीटर, म्हणजे 1400 किलो ओढ. ताशी 4.5 किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला सव्वा मीटर, हे ओढायला 23 एचपी मातीत पोचले पाहिजेत. चाकांची घसर, गिअरमधली तूट आणि कडक पट्ट्यांसाठी हातचं राखायचं म्हटलं तर इंजिन दुप्पट लागतं: 45 ते 50 एचपी. तीन फाळी नांगराला याच हिशेबाने 35 एचपी मातीत हवेत, म्हणजे 65 ते 70 एचपीचा, शक्यतो चारही चाकं ओढणारा ट्रॅक्टर. 50 एचपीला तीन फाळी लावून 15 सेंटिमीटरवर चालवणारे दिसतात. एकर लवकर उरकतं, शेत वरून काळंभोर दिसतं, आणि खाली कडक थर जसाच्या तसा.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी बघत नाही. मागचं टायर 16.9 चं असेल तर त्याची रुंदी 43 सेंटिमीटरच्या आसपास असते. 14 इंची फाळाचा तास 35 चा. ते चाक तासात बसतच नाही. एकीकडून नुकताच पलटलेला काप दाबतं, नाहीतर दुसरीकडून तासाची भिंत ढासळवतं. अशा ट्रॅक्टरला 16 इंची फाळच बरे. 14.9 च्या टायरला ही अडचण कमी.

मागच्या टायरमध्ये हवा 12 ते 16 पीएसआय ठेवावी. रस्त्यावर ट्रॉली ओढणाऱ्या ट्रॅक्टरमध्ये ती जास्त असते, आणि त्याच हवेवर शेतात उतरलं की चाक घसरतं. टायरमध्ये पाणी भरताना वॉल्व्ह वरच्या बाजूला ठेवून त्या पातळीपर्यंतच भरा, म्हणजे पाऊण टायर भरतं. 14.9-28 मध्ये ते 200 लिटरच्या आसपास होतं. नांगर उचलल्यावर पुढची चाकं हलकी होत असतील तर पुढच्या बंपरवर वजनं लावा. एकूण वजनाचा किमान पाचवा हिस्सा पुढच्या चाकांवर राहिला नाही तर स्टिअरिंग ऐकत नाही.

जोडणी आणि जुळणी

हे काम बांधावर, सपाट जागी, घाई न करता. क्रम पाळला तर अर्ध्या तासात होतं.

पुढच्या दोन चाकांमधलं आणि मागच्या दोन चाकांमधलं आतलं अंतर सारखं हवं, फरक पाच सेंटिमीटरच्या आत. नाहीतर मागचं चाक तासात आणि पुढचं तासाच्या कडेवर चढलेलं, असा ट्रॅक्टर दिवसभर ओढ खात राहतो.

मग खालचे दोन्ही हात सारख्या लांबीचे करा. एका बाजूलाच माती टाकणारा साधा नांगर ज्याने चालवलाय तो उजवा हात आखूड-लांब करून नांगर समतल करतो. पलटी नांगरात ते चालत नाही, कारण एका फेरीत उजवं चाक तासात असतं, परतीला डावं. इथे बाजूचा कल जुळवायला नांगराच्या हेडस्टॉकवर (ट्रॅक्टरला जोडणाऱ्या पुढच्या चौकटीवर) दोन स्क्रू असतात, दोन्हीकडे एकेक. डाव्या चाकांखाली 25 सेंटिमीटर जाडीच्या फळ्या किंवा ठोकळे घालून ट्रॅक्टर उभा करा, म्हणजे उजवं चाक तासात असल्यासारखं होईल. नांगर खाली टेकवून मागून बघा. फाळांचे उभे पाय जमिनीशी काटकोनात दिसले पाहिजेत. मग ठोकळे उजवीकडे घालून दुसरी बाजू. दोन्ही बाजू जुळल्या नाहीत की शेतात एक तास उंच, एक खोल असं सरीसारखं दिसतं.

टॉप लिंक, म्हणजे ट्रॅक्टरला नांगर जोडणारा वरचा दांडा, आखूड केली की फाळाचं टोक खाली वळतं आणि नांगर घुसतो. लांब केली की नांगर टाचेवर बसतो, घुसत नाही. चालू कामात मुख्य दांडा बाजूने पाहिला तर जमिनीशी समांतर हवा. टोक फार खाली असेल तर नांगर आत खेचला जातो, ओढ वाढते, तासाचा तळ खरबरीत निघतो, आणि मागच्या बॉडीची (फाळ आणि पात्याच्या जोडीची) खोली पुढच्यापेक्षा कमी पडते. कडक जमिनीत नांगर घुसत नाही म्हणून लोक टॉप लिंक आखूड करत जातात. बहुतेक वेळा दोष झिजलेल्या टोकाचा असतो.

चेक चेन, म्हणजे खालच्या हातांना बाजूला हलू न देणाऱ्या साखळ्या, कामात थोड्या सैल ठेवा, बाजूला दोन-तीन बोटं हालचाल राहील इतक्या. रस्त्यावर जाताना ताणून बांधा.

पहिल्या फाळाची रुंदी बाकीच्यांइतकीच निघते का, हे तिसऱ्या-चौथ्या फेरीनंतर टेपने मोजा. कमी असेल तर हेडस्टॉकवरच्या स्लाइडने नांगर नांगरायच्या बाजूला सरकवा, जास्त असेल तर उलट.

हायड्रॉलिकच्या दोन्ही नळ्या कपलरमध्ये घालण्याआधी टोकं कापडाने पुसा. आत गेलेली चिमूटभर माती सिलेंडरचं सील खाते. नांगर अर्ध्यावरच उलटून थांबत असेल तर आधी तेलाची पातळी, मग कपलर पूर्ण बसलेत का, मग नळीतली हवा. हे सगळं ठीक असेल तरच सिलेंडरवरच्या वॉल्व्हकडे वळा. नांगर उलटताना त्याच्या दोन मीटरच्या आत कुणी उभं राहायचं नाही. पलटी नांगराचं वजन काही क्विंटल असतं आणि तो वळतो तो झटक्यात.

ओल कधी योग्य

भारी काळ्या जमिनीत सगळं गणित ओलीवर फिरतं. 10–12 सेंटिमीटर खालची माती घ्या आणि तळहातावर वळी करा. तीन मिलिमीटर जाडीची दोरी न तुटता वळली तर जमीन ओली आहे, नांगर घालू नका. माती पात्याला (काप पालथा करणाऱ्या वक्र पत्र्याला) चिकटेल, काप चकाकता, साबणाच्या वडीसारखा निघेल आणि वाळला की कुऱ्हाडीने फुटणार नाही. वळी तुटते पण मातीचा गोळा होतो, आणि तो कमरेइतक्या उंचीवरून टाकल्यावर फुटतो, हाच वापसा. भारी जमिनीत पाणी दिल्यावर तो यायला हंगामाप्रमाणे आठ ते बारा दिवस लागतात.

रब्बी ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते. काढणी झाली की लगेच, खालच्या थरात थोडी ओल असतानाच नांगर घातला तर ओढ कमी लागते आणि ढेकळं मध्यम निघतात. एप्रिल-मेपर्यंत थांबलं की जमिनीला भेगा पडतात, आणि टोपलीएवढी ढेकळं निघतात. त्यांना घाबरून लगेच रोटाव्हेटर फिरवू नका. काळी माती उन्हात तापते, वळवाच्या पहिल्या सरीत फुगते आणि आपोआप विरघळते. हे काम डिझेलशिवाय होत असताना त्यासाठी डिझेल जाळायचं कशाला? शिवाय ढेकळांमध्ये पावसाचं पाणी अडतं. वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात, आणि त्यातलाही मोठा भाग सप्टेंबरमध्ये येत असताना, मेमध्ये जमीन पिठासारखी करून ठेवली तर जूनच्या जोराच्या सरीत ती चोपून बसते आणि पाणी वाहून जातं.

शेतात नांगर घालताना

उतार बघा आणि उताराला आडवं नांगरा. पलटी नांगराचा मोठा फायदा म्हणजे माती दोन्ही फेऱ्यांत एकाच बाजूला टाकता येते. ती शक्यतो चढाकडे टाका. साध्या नांगराने शेताच्या मध्ये खोल मोकळा तास राहतो आणि पावसाळ्यात त्याची घळ होते. इथे तो प्रश्न येत नाही.

दोन्ही टोकांना वळणासाठी पट्टी सोडा. ट्रॅक्टर आणि नांगर मिळून साडेपाच-सहा मीटर लांब होतात, म्हणून सात-आठ मीटर, सुमारे 25 फूट. या पट्टीच्या कडेने आधी उथळ रेघ ओढून घ्या. नांगर कुठे उचलायचा आणि कुठे टाकायचा हे त्या रेघेवरून कळतं, टोकं सरळ येतात. पट्ट्या सगळ्यात शेवटी नांगरायच्या.

पहिला तास सरळ आला तर सगळं शेत सरळ येतं. समोरच्या बांधावर काठी किंवा झाड हेरा, नजर तिथेच ठेवा, मागे वळून वळून बघू नका. पहिली फेरी निम्म्या खोलीवर घ्या, कारण चाकाला अजून तास मिळालेला नसतो. दुसऱ्या फेरीपासून पूर्ण खोली.

वेग ताशी चार ते साडेपाच किलोमीटर. यापेक्षा हळू गेलं की काप पूर्ण वळत नाही, जोरात गेलं की माती फेकली जाते आणि ओढ झपाट्याने वाढते. 45–50 एचपीच्या ट्रॅक्टरला, दोन फाळी नांगराने, वळणं धरून एकराला पावणेदोन तासांच्या आसपास लागतात आणि ताशी सहा ते आठ लिटर डिझेल जातं. कुणी तासाभरात एकर उरकत असेल तर खोली मोजाच.

ड्राफ्ट आणि पोझिशन असे दोन लिव्हर असतात. नांगरटीला ड्राफ्ट वापरा. कडक पट्टा लागला की हायड्रॉलिक नांगर थोडा उचलतं, मऊ लागला की खाली सोडतं. मुरमाच्या वरच्या टोकाला हेच हवं असतं. पण मऊ भागात नांगर जास्त खोल जाऊ नये म्हणून खोलीचं चाक ठरलेल्या उंचीवर लॉक करून ठेवा. पोझिशनवर चालवलं तर नांगर ट्रॅक्टरच्या चढउताराबरोबर वर-खाली होतो.

घसर मोजायची साधी रीत: मागच्या टायरवर खडूची खूण करा. नांगर उचलून शेतात दहा फेरे चालवा, अंतर मोजा. मग नांगर घालून दहा फेरे. समजा आधी 41 मीटर आणि नंतर 36 आले, तर घसर 12 टक्के. दहा ते पंधरा टक्के ठीक. वीसच्या वर गेली तर वजन वाढवा किंवा खोली कमी करा. शून्याच्या जवळ असेल तर उगाच वजन वाहताय.

खोली मोजताना नेहमी न नांगरलेल्या जमिनीच्या पृष्ठभागापासून तासाच्या तळापर्यंत मोजा. पलटलेली माती फुगते, तिच्यात काठी खुपसून मोजली की 20 सेंटिमीटरचे 30 दिसतात. काम सुरू झाल्यावर पहिल्या तासाभरात, चालकासमोरच, पाच ठिकाणी मोजा. एकर संपल्यावर वाद घालण्यापेक्षा ते सोपं.

उसाचा खोडवा मोडताना

माढा, पंढरपूर, माळशिरस पट्ट्यात हे मोठं काम. पाचट जाळू नका, कुट्टी करून पसरा. दर टन पाचटाला 8 किलो युरिया, 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 1 किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकून नांगर घाला. अख्खं पाचट असेल तर ते दोन बॉडींच्या मध्ये गुंतून नांगर वर उचलतं. फाळापुढे कापणारी तबकडी असेल तर ती निम्म्या खोलीवर आणि तासाच्या भिंतीपासून दोन-तीन सेंटिमीटर बाहेर ठेवा. हुमणी (मुळं खाणारी अळी) असलेल्या रानात सकाळी किंवा संध्याकाळी नांगरा. ट्रॅक्टरमागे बगळे आणि मैना जमतात, त्यांना हुसकू नका.

हराळी आणि कुंद्यासाठी नांगरट भर उन्हाळ्यातच, आणि त्यानंतर किमान तीन आठवडे पाणी नको. काशा, म्हणजे या तणांची जमिनीखालची खोडं, वर येऊन वाळल्या पाहिजेत. वाळल्यावर वेचून बांधावर टाका. ओल्या जमिनीत रोटाव्हेटर फिरवला तर एका काशीचे दहा तुकडे होतात आणि दहाही फुटतात.

बिघडतं कुठे

पात्याला माती चिकटत असेल तर आधी ओल तपासा, मग पात्याचा पृष्ठभाग. नव्या नांगराचा रंग खरवडून काढल्याशिवाय काळ्या मातीत घालू नका. गंजलेलं पातंही तसंच वागतं. ज्यांची जमीन कायम चिकट असते त्यांनी अखंड पत्र्याऐवजी पट्ट्यांचं पातं घ्यावं. मातीचा स्पर्श कमी, म्हणून चिकटणं कमी.

ट्रॅक्टर एका बाजूला ओढत असेल तर पहिल्या फाळाची रुंदी आणि तासाच्या भिंतीला घासणारी पट्टी बघा. ती झिजली की नांगर तिरका चालतो.

फाळाचं पुढचं टोक सगळ्यात आधी झिजतं, मुरमाड जमिनीत तर फारच लवकर. उलटं करता येणारं टोक असेल तर वेळेत उलटा, सरकवता येणारं असेल तर पुढे काढा. फाळाचे बोल्ट नव्या कामात पहिल्या दोन तासांनी परत आवळा. शिअर बोल्ट (दगड लागला की नांगर वाचवायला आधी तुटणारा बोल्ट) तुटला की त्याच जातीचाच घाला. गावातल्या दुकानातून जास्त कडक बोल्ट आणून घातला तर पुढच्या दगडाला बोल्ट वाचतो आणि नांगराचा पाय वाकतो. उलटण्याच्या शाफ्टला दर आठ-दहा तासांनी ग्रीस.

दरवर्षी एकाच खोलीवर नांगरलं की तासाच्या तळाला, चाक जिथून फिरतं तिथे, कडक थर बनतो. पावसानंतर जमिनीत लोखंडी सळई दाबा. 20–25 सेंटिमीटरवर ती अडली आणि जोर लावल्यावर सपकन पुढे गेली तर थर आहे. खोली वर्षाआड तीन-चार सेंटिमीटरने बदला. थर जाड असेल तर जमीन कोरडी असताना सबसॉयलर (माती न पलटता खोल फोडणारं अवजार) 45 सेंटिमीटरवर, सव्वा ते दीड मीटर अंतराने फिरवा.

हंगाम संपला की पाती आणि फाळ धुवून, कोरडे करून, जळक्या तेलाचा किंवा ग्रीसचा हात द्या. सिलेंडरचा दांडा पूर्ण आत ओढून ठेवा, नळ्यांच्या तोंडाला टोपण लावा, आणि नांगर फळीवर टेकवून ठेवा.